येऊ द्या, येऊ द्या

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! त्यानं कधी जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये तीन महिने फोन घेतले होते का? आमच्या फलाटबाईंनी घेतले होते. त्या अख्ख्या रस्त्यावर त्यांच्याइतका गोड आवाज कुणाचा नव्हता, आणि तरी शनिवार उजाडला तेव्हा त्यांच्या नावावर गाडी सोडाच, गाडीचं एक चाकसुद्धा विकलं गेलं नव्हतं.

फलाटबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाई आधी बस स्थानकावर सूचना द्यायच्या. एकोणीस वर्षं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं त्या म्हणायच्या, आणि गंमत म्हणजे प्रवासी खरंच लक्ष द्यायचे. मग एक दिवस वरून हुकूम आला. बाईंना भिंतींना गाद्या लावलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवून दोन दिवस त्यांच्याकडून सगळ्या गावांची नावं, शून्यापासून नव्याण्णवपर्यंतचे आकडे आणि ‘उशिराने धावत आहे’ हे सगळं वदवून घेतलं. चहा पाजला, वर बिस्किटं दिली, आणि पुढच्याच महिन्यात सांगितलं की उद्यापासून मशीन बोलेल. म्हणजे बाईंच्याच आवाजानं बाईंची नोकरी खाल्ली. घ्या! घरचाच चोर, आणि तोही गळ्यात बसलेला.

शोरूममध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थानं फोनवर विचारलं, “ती निळी गाडी अजून आहे का हो?” बाई सवयीनं बोलून गेल्या, “आपली गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे.” झालं! सगळे विक्री प्रतिनिधी टेबलं बडवून हसले आणि बाईंची फलाटबाई झाली. त्या हसण्यात सगळ्यात वरचा सूर पोपटचा होता.

पोपट म्हणजे तिथला पहिल्या नंबरचा विकणारा. पाठ केलेलं असं सुरू करायचा की मध्ये टाचणी शिरायला जागा नाही. मायलेज, पिकअप, टायर, सीट कव्हर, आणि शेवटी “तुमच्यासाठी म्हणून सांगतो” हे प्रत्येकाला सांगायचा. बाई फोनवर गिऱ्हाईक गोड बोलून बोलावून घ्यायच्या, गिऱ्हाईक दारात आलं की पोपट झडप घालायचा, आणि विक्रीच्या फळ्यावर नाव पोपटचं. भात बाईंनी शिजवायचा आणि तूप पोपटनं ओढायचं, असं तीन महिने चाललं होतं.

बाईंची आणखी एक खोड होती. स्थानकाच्या त्या भल्यामोठ्या छताखाली भोंग्याचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. म्हणून बटण दाबायचं, मनात एक, दोन, तीन म्हणायचं, मग बोलायचं. एक वाक्य झालं की पुन्हा एक, दोन, तीन. एकोणीस वर्षांत ते अंगात मुरलं. आता फोनवरही बाई थांबायच्या आणि पलीकडून लोक ओरडायचे, “हॅलो? हॅलो? गेलात की काय?”

मालकांनी हे सगळं पाहिलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त त्यांचा शब्द रबराचा होता, ताणाल तेवढा ताणायचा. सोमवारी त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, तुमचा आवाज चांगला आहे,” ते म्हणाले, “पण तुम्हाला बोलता येत नाही.”

बाईंना ते वाक्य असं लागलं की त्या खुर्चीवर बसायचंही विसरल्या.

“शनिवारी तुमचे तीन महिने भरतात. संध्याकाळी सातपर्यंत एक गाडी विकून दाखवा. एकच. कुठलीही. विकलीत तर सोमवारपासून कायम. नाहीतर...” मालकांनी हात हवेत उडवला. “तुम्ही समजूतदार आहात.”

नोकरी गेली तर घरात चूल पेटणार नव्हती अशातला भाग नाही. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. पण बाईंचं वय सेहेचाळीस. एकदा मशीननं उठवलं, आता माणसं उठवणार. तिसऱ्यांदा कोण बसवून घेणार? मग आयुष्यभर दुकानाच्या मागच्या बाजूला बसा आणि घड्याळांची टिकटिक ऐका. बोलणं हेच ज्या बाईचं एकमेव काम, तिलाच ‘तुला बोलता येत नाही’ म्हणायचं, याला काय म्हणावं? मला विचाराल तर त्या मालकांच्या जिभेला हाड नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी घरी तालीम केली. सासूबाईंना गिऱ्हाईक केलं. सासूबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी मुलाचा जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला, स्टुलावर बसल्या आणि हातात पातेल्याचं झाकण धरून ते गोल फिरवायला लागल्या. बाईंनी पोपटसारखं सुरू केलं, “मॅडम, ही गाडी एका हातातली, इंजिन अगदी लोण्यासारखं...”

“एवढी चांगली आहे,” सासूबाई म्हणाल्या, “तर आधीच्यानं विकली कशाला गं?”

“त्यांना ना... म्हणजे ते...” बाई अडखळल्या.

“बघ, इथंच तुझी गाडी बंद पडली,” म्हणत सासूबाईंनी झाकण आदळलं आणि खो खो हसत सुटल्या. बाईही हसल्या, पण मग भांडी घासायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नवरा मागोमाग गेला.

“अगं, आईचं काय मनावर घेतेस? तिनं माझ्या दुकानात बसून, घड्याळ घ्यायला आलेल्या माणसाला ‘तुम्हाला कुठं एवढी घाई असते’ म्हणून परत पाठवलंय.”

बाईंनी डोळे पुसले. हसू आलं, आणि त्यांनी पुन्हा पातेलं घासायला घेतलं.

शनिवारी दुपारचे चार वाजले तरी कुणी नाही. आणि मग दारातून एक बाई आल्या. साठीच्या, आखूड कापलेले पांढरे केस, पायात मऊ तळव्यांचे पांढरे बूट. बरोबर भाचा. तो “मावशी, इकडं, मावशी, तिकडं” करत पुढे पुढे. त्या बाईंनी दारातल्या माणसाला “गाड्या आतच आहेत ना?” एवढंच विचारलं आणि फलाटबाईंनी मान वर केली. हा आवाज ओळखीचा! या आठवड्यात तीनदा फोन आला होता. नुकत्याच निवृत्त झालेल्या हेडनर्स. फोनवर “मी सिस्टर बोलतेय” असंच सांगायच्या. तिन्ही वेळा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “जाहिरातीतल्या त्या पिवळ्या गाडीची मागची काच मोठी आहे का?”

ती पिवळी गाडी म्हणजे शोरूमचं दुखणं. छोटी, पाच वर्षांची, इंजिनानं चोख, पण रंग असा की बघणारा आधी डोळे चोळायचा. अकरा महिने ती मागच्या कोपऱ्यात खांबाआड उभी होती आणि सगळे तिला ‘कावीळ’ म्हणायचे. “कावीळ पुसली का?” “कावीळ जरा सरकवा.” असं म्हणता म्हणता तिचं खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

पोपटनं अर्थातच झडप घातली. आणि गाडी घेणार सिस्टर, पण बोलत होता भाच्याशी. “सर, ही पांढरी बघा. सर, मायलेज बघा. सर, मॅडमना मागं बसायला किती ऐसपैस!” भाचा खूश. त्यानं दारं उघडली, गाणी लावून पाहिली, सीट मागं केली. सिस्टर बाजूला उभ्या राहून त्या खांबाआडच्या पिवळ्या रंगाकडे बघत होत्या.

“मग मॅडम, करायचं का पक्कं?” पोपटनं अखेर विचारलं.

“बघू,” सिस्टर म्हणाल्या.

पोपटचा एक नियम होता: बघू म्हणाले की नमस्कार म्हणायचा. वेळ कशाला घालवा? त्यानं नमस्कार केला आणि चहाला गेला. भाच्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेला.

पण फलाटबाईंचे कान टवकारले होते. स्थानकावर सूचना नसतील तेव्हा त्या चौकशीच्या खिडकीवर बसायच्या. खिडकीची काच धुरकट, पलीकडचा चेहरा दिसायचा नाही, फक्त भोकातून आवाज यायचा. एकोणीस वर्षं नुसते आवाज ऐकून त्यांना बघूचे प्रकार कळायला लागले होते. एक बघू कडी लावल्यासारखा खाली पडतो, तो नकार. एक बघूऽऽ लांबतो, त्याला आणखी स्वस्तातली गाडी हवी असते. आणि एक बघू असतो, त्याच्या शेवटी श्वास आत ओढलेला असतो. ‘गाडी घाटातून जाते का हो?’ विचारणारे लोक असा बघू म्हणायचे. सिस्टरना गाडी नको नव्हती. सिस्टर घाबरल्या होत्या.

बाईंनी फोन बाजूला काढून ठेवला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि त्या उठल्या.

“सिस्टर, फोनवर मीच होते.”

“ओळखलं मी,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही बोलायच्या आधी थांबता.”

“वाईट खोड आहे हो.”

“वाईट कसली? सुई टोचायच्या आधी मीही तेवढीच थांबायचे.”

आता बाईंच्या ओठांवर पोपटचं सगळं पाठांतर तयार होतं. लोण्यासारखं इंजिन, एका हातातली, तुमच्यासाठी म्हणून सांगते. पण सवय ती सवय. मनात एक, दोन, तीन सुरू झालं, आणि त्या तीनच्या आत सिस्टरच बोलल्या.

“मागची काच मोठी आहे, नाही?”

“हो.” एक, दोन, तीन.

“बाहेरून तरी मोठी दिसते.”

एक, दोन, तीन. आणि चार. आणि पाच.

“मला मागं घेता येत नाही,” सिस्टर एकदम म्हणाल्या. मग पाण्याचा नळ सोडावा तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. बत्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, दुसऱ्यांच्या गाड्यांतून घरी आल्या. ठरवलं होतं, निवृत्त झाले की स्वतःची गाडी. शिकल्या, लायसन्स मिळालं, पुढं जायला कधीच भीती वाटली नाही. मग एक दिवस हॉस्पिटलच्या फाटकात मैत्रिणीची गाडी मागं घेताना कुंड्यांची रांगच्या रांग आडवी केली. सगळं हॉस्पिटल बघायला जमलं. कोणीतरी ओरडलं, “सिस्टर, स्ट्रेचर नाहीये ते!” दोन वर्षं झाली, त्यांनी चाकाला हात लावला नव्हता.

“भाच्याला सांगितलेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “त्याला कळलं तर म्हणेल, मग मीच चालवतो. म्हणजे गाडी माझी आणि किल्ली त्याच्या खिशात.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ‘छे हो, जमेल तुम्हाला!’ बाईंनी विचारलं, “त्या दिवशी मागून कुणी सांगत होतं का?”

“कुणी? सगळेच! एक म्हणे डावीकडे, एक म्हणे उजवीकडे, एक म्हणे थांबा, एक म्हणे चला.”

“मग तुमचं काहीच चुकलं नाही,” बाई म्हणाल्या. “सूचना चुकली. एका गाडीला एकच आवाज लागतो, सिस्टर. चला, कावीळ बाहेर काढू.”

जीभ घसरली! बाईंनी तोंडावर हात दाबला, पण बाण सुटला होता.

“कुणाला कावीळ?” सिस्टरनी वॉर्डातल्या आवाजात विचारलं. निम्मं शोरूम वळून बघायला लागलं.

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आता लपवून काय उपयोग? त्यांनी सरळ सांगितलं, रंगावरून गाडीला असं म्हणतात, चुकलं. सिस्टर गाडीपाशी गेल्या. वाकून तिच्या पुढच्या दिव्यांत पाहिलं, पेशंटच्या डोळ्यांत पाहावं तसं. टपावर हात ठेवला.

“बत्तीस वर्षं कावीळ बघितलीय मी,” त्या म्हणाल्या. “ही कावीळ नाही. ही ठणठणीत आहे. तुमच्या लोकांना निदान येत नाही.” आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

आता अडचण अशी, की ती गाडी त्या कोपऱ्यातून पुढं निघूच शकत नव्हती. समोर पांढरी गाडी. बाहेर काढायची तर खांब आणि काचेची भिंत यांच्यामधून, दोन्हीकडे जेमतेम चार बोटं जागा ठेवून, मागं मागं घेत पार मागच्या अंगणाच्या फाटकापर्यंत. अकरा महिन्यांत पोपटनं तीनदा काढली होती आणि एकदा आरसा खरवडला होता. तरी बाईंनी किल्ली आणली आणि सिस्टरच्या हातात दिली.

तेवढ्यात पोपट चहा संपवून आला. “अहो बाई, डोकं फिरलंय का? मी काढतो की!” भाचा बाहेरून धावत आला, “मावशी, उतर! मी घेतो!” आणि या गलक्यानं केबिनचं दार उघडून मालकही बाहेर आले.

“हे काय चाललंय, बाई?”

“टेस्ट ड्राइव्ह, मालक.”

“आणि काच फुटली तर?”

“तर सातची वाट बघायला नको,” बाई म्हणाल्या. “मी त्याच फाटकातून घरी जाते.”

हे बोलताना बाईंना भीती वाटत होतीच. खोटं कशाला सांगा? पण आवाज लटपटला नाही. एकोणीस वर्षांत तो कधी लटपटलाच नव्हता.

त्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाली. लगेच भाचा ओरडला, “मावशी, क्लच!” पोपट ओरडला, “डावीकडे मारा, डावीकडे!” दुसरा कोणीतरी म्हणाला, “अहो, उजवीकडे!” गाडीला एक हिसका बसला आणि ती थांबली. काचेतून सिस्टरचा पांढराफटक चेहरा दिसला.

बाईंनी श्वास घेतला. एक, दोन, तीन.

“सर्वांनी कृपया शांत राहावे.”

काय तो आवाज! माइक नाही, भोंगा नाही. छतापर्यंत गेला आणि चारी भिंतींवरून परत आला. पोपटचं तोंड उघडंच राहिलं. भाच्यानं हात खिशात घातले. बाहेर रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला.

आणि मग बाईंनी तो आवाज खाली आणला. सूचनेचा नव्हे, दुसरा. धुक्याच्या दिवसांत स्थानकावर ड्रायव्हरला मागचं काही दिसायचं नाही, कंडक्टरची शिट्टी गोंगाटात बुडायची. तेव्हा बाई फलाटालगतच्या काचेच्या खोलीतून माइकवर एकेक बस फलाटाला आणून लावायच्या. मोठमोठे मिशीवाले ड्रायव्हर म्हणायचे, “बाई, तुम्ही असलात की आरसा लागत नाही.” त्या दोन दिवसांत गाद्यांच्या खोलीत कुणाला हा आवाज मागायचं सुचलंच नव्हतं. मशीनला तो येत नाही, कारण त्यासाठी समोरच्या गाडीकडे बघावं लागतं.

“सिस्टर, फक्त मला ऐका. बाकी जगात कुणी नाही. हं, येऊ द्या... येऊ द्या...”

गाडी हलली.

“येऊ द्याऽऽ... छान. चाक जरासं माझ्याकडं... एवढंच. सरळ करा. येऊ द्याऽऽ...”

जागा भरपूर असली की येऊ द्या लांब, जागा कमी झाली की आखूड. सांगावं लागत नव्हतं, सिस्टरना आपोआप कळत होतं. खांबापाशी दोन्हीकडे चार चार बोटं उरली आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. पोपटनं कपाळावर हात मारला. भाच्यानं तोंड उघडलं आणि बाईंकडे पाहून मिटलं.

एक, दोन, तीन.

“गाडी दोन मिनिटे विश्रांती घेत आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कुणालाही घाई नाही.”

आतून सिस्टर हसल्याचं ऐकू आलं. किल्ली फिरली. इंजिन सुरू झालं.

“येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या. सुटला खांब! आता लांब घ्या, येऊ द्याऽऽ... येऊ द्याऽऽ... बास!”

पिवळी गाडी अंगणात उन्हात उभी होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता. शोरूममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सायकलवाल्यानंही घंटी वाजवून घेतली. भाचा दार उघडून आत बसायला निघाला तर सिस्टर म्हणाल्या, “तू थांब इथंच.” आणि फाटकातून एकट्या रस्त्यावर निघून गेल्या.

अकरा मिनिटं बाईंचा जीव टांगणीला. मालक घड्याळ बघतायत, भाचा नखं खातोय. मग कोपऱ्यावर पिवळं काहीतरी दिसलं. सिस्टर आल्या, फाटकापुढं थांबल्या आणि कुणाला काही न विचारता गाडी उलटी घेऊन अंगणात आणून लावली. थोडी तिरकी.

“वाकडी लागली,” उतरता उतरता त्या म्हणाल्या. गाल लाल झाले होते.

“फलाटावर अशाच लागतात,” बाई म्हणाल्या.

कागदाच्या टेबलापाशी भाच्यानं शेवटचा प्रयत्न केला. “मावशी, अगं, हा रंग! लोक हसतील.”

“हसू देत. पार्किंगमध्ये माझी गाडी मला लांबून सापडेल.” मग सिस्टर बाईंकडे वळल्या. “पण मला एक सांगा. एवढी चांगली आहे, तर आधीच्यानं विकली कशाला?”

पोपट पटकन पुढं सरसावला, पण बाईंनी हात आडवा केला.

“त्यांच्या मुलाला रंगाची लाज वाटायची. म्हणून. आणि उजवीकडच्या दाराची काच वर घेताना कुरकुरते. ते मी सांगतेय, बाकी कुणी सांगणार नाही.”

“कुरकुर चालेल,” सिस्टर म्हणाल्या. “कुरकुरणारा पेशंट लवकर बरा होतो.” आणि त्यांनी पर्समधून पेन काढलं. पोपट हे सगळं बघत उभा होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचा पोपट केला, त्या दिवशी पोपटाचाच पोपट झाला.

तेवढ्यात मालकांचं रबर ताणलं गेलं. “झकास, बाई!” ते हात चोळत म्हणाले. “आता एका गाडीवरून लगेच काही ठरत नाही म्हणा. अजून तीन महिने काम बघू, मग कायमचं काय ते...”

बाईंच्या काळजाचं पाणी झालं. आणि मग त्या पाण्याला उकळी फुटली.

“मालक, तुम्ही शब्द दिला होतात. एक गाडी, सातच्या आत, की कायम. ही एक गाडी आहे. सहा वाजायचेत.”

“अहो, हो, पण तसं...”

टक्, असा आवाज झाला. सिस्टरनी पेनाला टोपण लावलं होतं.

“मग मीही तीन महिन्यांनी सही करते,” त्या म्हणाल्या.

बाहेर गाडीचं तापलेलं इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. मालकांनी अकरा महिन्यांची ती पिवळी गाडी पाहिली, टोपण पाहिलं, आणि ते कसनुसं हसले. “बरं बरं! कायम. झालं? सोमवारपासून कायम.”

“तोंडी नको,” सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध मी बत्तीस वर्षांत कधी दिलं नाही. कागदावर आणा.”

मालक केबिनमध्ये गेले, शोरूमचं नाव छापलेला कागद घेऊन आले आणि तिथंच टेबलावर वाकून लिहायला लागले. लिहिता लिहिता थांबले. “हुद्दा काय लिहू? टेलिफोन...”

“विक्री प्रतिनिधी लिहा,” बाई म्हणाल्या.

मालकांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, अगदी भाचासुद्धा. त्यांनी लिहिलं, खाली सही केली, शिक्का उमटवला आणि कागद बाईंच्या हातात दिला.

“वाचा की बाई मोठ्यानं,” मागून कुणीतरी म्हणालं. आश्चर्य म्हणजे तो पोपट होता.

बाईंना इतका आनंद झाला होता की अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. पण कागद हातात आला की वाचायचं, एवढं त्यांना येत होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या तारखेपर्यंत असा वाचला की रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही कळलं, इथं एक नवीन विक्री प्रतिनिधी लागली आहे.

सिस्टरनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग टोपण काढलं आणि सही केली.